खुशालरावांच्या माश्या

खुशालराव कटिंग करून घरी आले, तेव्हा अंगणात वर्तमानपत्र पसरलेलं होतं आणि त्यावर त्यांचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडा पडला होता. डब्यापासून चार हात लांब त्यांची बायको सुभद्राबाई आणि शेजारच्या माणिकबाई बसल्या होत्या. साप निघाल्यावर बसतात तशा.

"तिथंच थांबा," सुभद्राबाई म्हणाल्या. "ओलांडू नोका."

डब्यात कोंबड्याची पिसं होती. लाल आणि काळा दोरा, पिसं बांधलेल्या वाकड्या सुया, आणि एका कागदात नीट गुंडाळलेले लांब पांढरे केस.

"हे माह्ये केस हायेत," सुभद्राबाईंचा आवाज कापत होता. "कंगव्यातले. तुमच्या कपाटात, सदऱ्याखाली ठेवले होते कोनंतरी."

"करनी हाये," माणिकबाईंनी निदान केलं. "पिसं, केस, सुया. अजून काय पाह्यजे?"

आता खरं सांगण्याची वेळ हीच होती. पण खुशालराव रेल्वेच्या सिग्नल खात्यातून सन्मानाने निवृत्त झालेले गृहस्थ होते आणि गळ्यात तुळशीची माळ होती. बडनेऱ्याच्या या गल्लीत, माणिकबाईंसमोर, आपण सहा महिन्यांपासून मासे धरायला पिसांच्या खोट्या माश्या बांधतो आहोत, हे त्यांच्या तोंडून निघेना. "पाहू आपन," एवढंच ते म्हणाले.

त्याचं असं झालं होतं. चाळीस वर्षं बारीक तारा जोडलेल्या बोटांना निवृत्तीनंतर काही कामच उरलं नव्हतं. एक दिवस मोबाइलवर कुठल्याशा थंड देशातला म्हातारा दिसला. तो गळाला पीस आणि दोरा बांधून माशी तयार करत होता. इतकी हुबेहूब, की खुशालरावांनी पडद्यावरून ती हाकलायला हात उचलला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी सराफ्यातून सोनाराचा छोटा शिकंजा आणला. सुभद्राबाई दुपारी झोपल्या की ते मागच्या खोलीत बसत. शिकंज्यात गळ धरायचा, त्यावर दोऱ्याचे वेढे घ्यायचे, पीस गुंडाळून माशीची मान करायची. वेढा एक जास्त झाला की माशी जाडी दिसायची. मग सगळं सोडून पुन्हा पहिल्यापासून. पहाटे फिरायला जातो म्हणून ते गावाबाहेरच्या पाझर तलावावर जात. गळाची काठी तिथं, तलावाला लागून मळा असलेल्या देवमनच्या झोपडीत लपवलेली असे.

"घरात येऊन गेलं कोन?" माणिकबाईंनी तपास पुढे नेला.

सुभद्राबाईंना आठवलं. "चंदाबाई येऊन गेल्या मागच्या महिन्यात. याच कपाटापाशी बसल्या होत्या."

चंदा म्हणजे खुशालरावांची सख्खी धाकटी बहीण, चांदूर रेल्वेला दिलेली. तिच्या मुलीचा, गीतांजलीचा साखरपुडा रविवारी होता. खुशालराव काही बोलणार, तेवढ्यात नेमका तिचाच फोन आला. सुभद्राबाईंनी तो उचलला, "आमचं येनं जमनार नाही," म्हणाल्या आणि ठेवून दिला.

खुशालरावांनी फोनकडे हात नेला, पण माणिकबाई पाहत होत्या.

"दिवस बुडायच्या आत वाहत्या पान्यात सोडा," माणिकबाईंनी उपाय सांगितला. "अन् येतानी मागं पाहू नोका."

स्कूटर तलावाच्या रस्त्याला लागली. डबा सुभद्राबाईंनी मांडीवर घेतला होता. खुशालरावांना हातसुद्धा लावू दिला नव्हता. "काही व्हायचं ते मले होऊ द्या," मागून त्या म्हणाल्या. "तुमी रिटायर झाले तवापासून गुमसुम राहता. दुपारी मले जाग आली का तुमी जागेवर नसता. मले वाटलंच होतं कोनी तुमच्यावर काही करून राह्यलं." खुशालरावांनी स्कूटर आणखी हळू केली.

तलावाच्या सांडव्यावरून अजून पाणी वाहत होतं. सुभद्राबाईंनी चपला काढल्या, डोळे मिटले आणि डबा उचलला. त्यात चाळीस माश्या होत्या. खुशालरावांनी त्यांचं मनगट धरलं.

"थांब. ते मीच केलं हाये."

सुभद्राबाईंनी डोळे उघडले. "करनी?"

"माश्या."

तेवढ्यात वांग्याच्या वाफ्यातून देवमन हाक देत आला. "भाऊ, आज संध्याकाळचे आले? काठी आनू का?"

मग सगळंच सांगावं लागलं. सुभद्राबाईंनी एक माशी तळहातावर घेतली आणि उलटसुलट पाहिली. नंतर त्यांनी नवऱ्याच्या गळ्यातल्या माळेकडे पाहिलं.

"मासे पकडता तुमी?"

"पकडून सोडून द्याचे. गळाची उलटी नखं चेपून टाकली हायेत मी."

"सोडाचेच हायेत तं पकडता कावून?"

"आजपर्यंत एकबी लागला नाही," खुशालराव प्रामाणिकपणे म्हणाले.

"अन् माह्ये केस?"

खुशालराव पाण्याकडे पाहत बोलले. "माशीच्या शेपटीले घोड्याचे केस लावून पाह्यले. बकरीचे पाह्यले. नायलॉन पाह्यलं. पान्यात तुह्या केसासारखं काहीच हालत नाही."

देवमन उगाच वांगी मोजायला लागला. सुभद्राबाईंनी पदर नीट केला.

"आधी फोन लावा चंदाबाईले," त्या म्हणाल्या. फोन लागला. "चंदाबाई, येतो आमी रविवारी. दुपारी माह्यं डोकं ठिकान्यावर नव्हतं. काय झालं ते तुमच्या भावालेच विचारा." आणि त्यांनी फोन खुशालरावांच्या हातात दिला. खुशालराव दहा मिनिटं बोलत होते. पलीकडून चंदा इतकी हसली, की देवमनलाही ऐकू गेलं.

फोन ठेवून ते वळले, तर सुभद्राबाईंच्या हातात देवमननं आणलेली काठी होती.

"हे कसं फेकतात?"

"माशीले वजन नसते. दोर फेकाचा, माशी आपोआप जाते. काठी मागं न्याची, दोर सरळ होऊ द्याचा, मंगच पुढं."

पहिल्यांदा माशी खुशालरावांच्या टोपीत अडकली. दुसऱ्यांदा देवमनच्या बाभळीत. तिसऱ्यांदा दोर मागं लांब गेला, क्षणभर थांबला, आणि माशी सांडव्याच्या कडेला अशी उतरली, की पाण्यालाही पत्ता लागला नाही. पाणी एकदम फुटलं. काठी वाकली.

"अहो, हे वढून राह्यलं."

वीतभर मासा होता, नव्या वाटीसारखा चकचकीत. सुभद्राबाईंनी पाण्यातच त्याला ओंजळीत घेतलं. खुशालरावांनी गळ काढला. मासा क्षणभर ओंजळीतच राहिला, मग शेपटीचा एक फटका मारून निघून गेला. सुभद्राबाई ओले हात तसेच धरून कितीतरी वेळ पाहत राहिल्या.

"समजलं," त्या हळूच म्हणाल्या. "कावून पकडता ते."

खुशालरावांना आनंद झाला होता. थोडं वाईटही वाटत होतं. "सहा महिने झाले. मले कावून नाही लागला?"

"सांगू का भाऊ," देवमन म्हणाला. "तुमी पान्याकडे पाह्यतच नाही. आपली माशी कशी दिसते, तेच पाहत राहता."

हे खरं होतं. खुशालराव बांधावर बसले. दिवस कलायला लागला होता. "चाल सुभद्रा," ते म्हणाले. "घरी जाऊ."

सुभद्राबाईंनी मागं पाहिलं नाही. दोर सरळ होऊ दिला, मगच पुढं फेकला.

"तुमी माश्या बांधत जा," त्या म्हणाल्या. "बाकीचं माह्याकडं."