माडीवरचा सेंटर फॉरवर्ड

“पिराजी माझ्या माडीवर म्हणजे तिजोरीत! खालच्या तालमीला त्याचं नखसुद्धा दिसायचं न्हाय!” सेक्रेटरी बसलिंगाप्पांनी बैठकीत मिशीवर हात फिरवून सांगितलं, आणि वरच्या तालमीची अख्खी पेठ निर्धास्त झाली. निर्धास्त नव्हते ते एकटे बसलिंगाप्पाच!

कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम तोंडावर आला, की नोंदणीची सही होईपर्यंत तालमी एकमेकींचे खेळाडू पळवतात. या सेंटर फॉरवर्ड पिराजीसाठी तर वरच्या तालमीनं आपला गोलकीपर आणि दोन बॅक दुसऱ्या पेठेला देऊन टाकले होते. आता हाही गेला, तर गोल मारायला कुणी नाही आणि अडवायलाही कुणी नाही!

म्हणून बसलिंगाप्पा दारात खुर्ची टाकून बसले. गवळी आला.

“आज लौकर आलास?”

“रोजच्याच टायमाला आलोय की, आण्णा.”

“मग घाबरतोयस कशाला?”

गवळी दूध न घालताच गेला. मग कबनूरहून मेहुणा आला, वीरेश. “भावजी, पेढे घ्या. पोरगी झाली!”

“नोंदणीच्या तोंडावरच बरी झाली?”

वीरेशची बहीण मधे पडली म्हणून बरं, नाहीतर त्या बाळंतिणीचीसुद्धा चौकशी झाली असती! ही बहीण म्हणजे बसलिंगाप्पांची बायको, दानम्मा. तिची काळजी वेगळीच.

“अहो, पोरगं जेवंना झालंय.”

“कुणीतरी फितवलं असंल!”

“काल दोडका, आज भेंडी. लिंगायताच्या घरात मटण कुठनं शिजायचं? त्याला सवय न्हाय हो.”

“खेळाडूला भेंडी चांगली!”

रविवारी मागच्या घरातल्या हंबीररावांनी परड्यात चूल मांडली. हंबीरराव म्हणजे खालच्या तालमीचे कट्टर. तांबड्या रश्श्याचा वास भिंत ओलांडून थेट माडीत शिरला. एसटी चुकलेल्या माणसासारखा पिराजी खिडकीला चिकटला.

वास बसलिंगाप्पांनाही आला. त्यांनी नाकाला रुमाल लावला आणि त्यांचा संशय बळावला, दारातनं चाललेल्या भंगारवाल्यावर!

“रविवारी भंगार कोण गोळा करतं रं? उतरव गाडा!”

पत्रे, घमेली, मोडका पाळणा, सगळं रस्त्यावर आलं. पाळण्यातसुद्धा त्यांनी वाकून बघितलं. समाधानानं माडीवर गेले, तर ताटात भेंडी जशीच्या तशी आणि पिराजी गायब!

“दानम्मा! पोरगं कुठाय?”

“मागल्या दारानं मीच सोडलं. डोळ्यांत पाणी आलतं त्याच्या. म्हटलं, जा लेकरा, हंबीररावांकडं पोटभर जेवून ये.”

बसलिंगाप्पा एकाच चपलेनिशी परड्यात धावले. पिराजीचं तिसरं वाढप चाललं होतं.

“सही केलीस?”

“व्हय की, आण्णा,” हाडूक चोखत पिराजी म्हणाला. “पण काकूंवर रागावू नगा हां. माऊली हाय ती.”

“बसा की, सेक्रेटरी!” हंबीरराव ओरडले. “तुमच्यासाठी दही-भाकरी सांगतो!”

त्या हंगामात पिराजीनं वरच्या तालमीवर पाच गोल चढवले. गोलात उभा होता तालमीचा हलगीवाला.

पुढच्या वर्षी बैठकीत ठराव झाला. सेक्रेटरींचा मान मोठा, तेव्हा खेळाडू लपवायचा तो त्यांच्याच माडीवर. फक्त तो शाकाहारी पाहिजे. फुटबॉलवाल्यांत शोधाशोध झाली. सगळ्या कोल्हापुरात तसला एकच सापडला.

तो पंच निघाला.