भिंतीला गाल लावणारे भोये साहेब

भोये साहेब कुणाच्याही घरी गेले की आधी चपला काढतात, मग भिंतीला गाल लावतात आणि त्यानंतर "कसं काय" विचारतात. गाल लावायचा म्हणजे नुसता टेकवायचा नाही. डोळे मिटून, गाल, कान, तळहात सगळं भिंतीला लावून, कुणाची तरी आठवण आल्यासारखं उभं राहायचं. तोवर घरातली बाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आलेली असते आणि आता हा द्यायचा कधी, अशा विचारात ताटकळत असते.

मी मास्तरीण. बदली होऊन मोखाड्याला आले तेव्हा त्यांच्या घरातली पुढची खोली भाड्याने मागायला गेले होते. दारातच हा उंच, सावळा, चाळिशीचा माणूस स्वतःच्याच घराच्या भिंतीला गाल लावून उभा. मला वाटलं, दाढ दुखत असेल. म्हटलं, "लवंग धरा दाताखाली." ते डोळे न उघडता म्हणाले, "दाढ बरी आहे, बाई. भिंत तापलीय."

साहेब बांधकाम खात्यात इंजिनियर. तालुक्यातल्या शाळेच्या खोल्या, समाजमंदिरं, घरकुलं त्यांच्या नजरेखाली उभी राहायची. पाड्यांवरचे लोक त्यांना निम्मे इंजिनियर आणि निम्मे भगत समजत. हा माणूस भिंतीतलं भूत ऐकतो, अशी सूर्यमाळकडे बोलवा होती. एका म्हातारीने तर त्यांचा गाल भिंतीवरून निघेपर्यंत वाट पाहून पुढ्यात नारळ ठेवला होता. मुलगी बघायला गेले, तिथेही त्यांनी आधी भिंतच पाहिली. मुलीच्या बापाला "पश्चिमेची बाजू फार तापते हो तुमची" असं सांगून परत आले. ते स्थळ तिथेच राहिलं. पुढे कुणी दुसरं आणलं नाही आणि साहेबांनीही विषय काढला नाही.

नोकरी लागल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर बापाचं कुडाचं घर पाडलं. कारवीच्या काठ्यांना शेणमाती लिंपून केलेल्या भिंती, वर कौलं, असं ते घर होतं. त्याच जागी स्लॅबचं घर आलं. आश्रमशाळेत शिकून इंजिनियर झालेल्या पोराची आई स्लॅबखाली झोपली पाहिजे, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. आई, चंद्रीबाई, नव्या घरात आली, फरशीवरून हात फिरवला, म्हणाली, "बेस हाय रं तुझा घर." आणि संध्याकाळी आपली वाकळ उचलून मागच्या गोठ्याच्या पडवीत झोपायला गेली. ती कायमचीच. दिवसभर घरात वावरायची, चुलीपाशी असायची, माझ्या दारात डोकावून "बाई, जेवलीस का?" विचारायची. झोपायला मात्र गोठा.

साहेबांनी निदान केलं, आईला आत उकडतं. झालं. तिथून पुढे त्या घराला स्वस्थता म्हणून मिळाली नाही.

आधी स्लॅबवर मडकी उपडी घातली, मधल्या फटींत माती भरली, वरून चुना मारला. बाजाराच्या दिवशी कुंभाराची इतकी मडकी घराकडे निघालेली बघून लोक मला विचारायला लागले, साहेबांचं लग्न जमलं वाटतं? मग गच्चीवर ओली गोणपाटं आली. उन्हाळ्यात मोखाड्याची माणसं टँकरच्या वाटेला डोळे लावून बसतात आणि हा गृहस्थ छपराला पाणी पाजतो, म्हणून चार बायका भांडायला आल्या. त्यांचं बरोबरच होतं. तेव्हापासून माझं आंघोळीचं आणि धुण्याचं पाणी गच्चीवर जाऊ लागलं. बादली उचलायला साहेब स्वतः दारात हजर. "साबण जरा कमी लावा, बाई, वेल चढवायचेत." मग दुधीचे वेल चढले. त्या वर्षी मी इतका दुधी खाल्ला, की अजूनही बाजारात दुधी दिसला की मला भोये साहेब दिसतात. एकदा वारा आत आणायला स्लॅबमधून वाकडा पाइप घातला. त्यातून वारा आला नाही, एक पाल आली.

शेवटी त्यांनी सिमेंटच्या भिंतींना आतून कारवीचा कूड लावला आणि शेणामातीने लिंपला. जे घर हौसेने पाडलं, तेच हा माणूस आतल्या बाजूने परत बांधत होता. मी तसं म्हटलंसुद्धा. ते म्हणाले, "मधे हवा राहते, बाई. हवा ऊन अडवते. आता बघा, आज आई आत येणार."

हे वाक्य मी प्रत्येक प्रयोगानंतर ऐकलं. गाल लावायचा, खूश व्हायचं, "आज आई आत येणार" म्हणायचं आणि दिवेलागणीला वाकळ पडवीकडे जाताना बघायचं. मला त्यांचं हसू यायचं आणि लगेच वाईटही वाटायचं.

घर मात्र खरोखरच गार झालं. भर वैशाखात दुपारी शाळेतून आले की अंगावर चादर घ्यावीशी वाटे. ही बातमी कशी कोण जाणे मुंबईला पोचली आणि घरं बांधायचं शिकणारी कॉलेजची मुलं बघायला आली. साहेबांनी शर्टाला इस्त्री केली. मुलांनी मडक्यांचे फोटो काढले, कुडाला हात लावून पाहिले आणि पंख्याशिवाय एवढा गारवा म्हणून तोंडभर कौतुक केलं. साहेबांनी एकेकाला भिंतीला गाल लावायला लावला. सगळा वर्ग ओळीने भिंतीला चिकटलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. तेवढ्यात एका मुलीने चंद्रीबाईला प्रेमाने विचारलं, "आजी, तुम्ही यातल्या कुठल्या खोलीत झोपता?"

चंद्रीबाईला खोटं बोलता येत नसे. तिने गोठ्याकडे बोट केलं. "तठं."

मुलं हसली नाहीत, याचंच साहेबांना जास्त लागलं. पाहुणे गेल्यावर बरेच दिवस ते भिंतीपाशी फिरकले नाहीत.

मला काही ते बघवेना. एका दुपारी मी सरळ गोठ्यात गेले. चंद्रीबाई मोरीला, म्हणजे त्यांच्या गायीला, पेंढा घालत होती. मी विचारलं, "आजी, घर आता एवढं गार झालंय. आत का नाही झोपत?"

"गार हाय ना. पण आत मोरी ऐकाय येत नाय."

मला काही कळलं नाही. तेव्हा ती खाली बसली आणि नीट सांगायला लागली. जुन्या घरात गुरं माणसांबरोबर एकाच छपराखाली, मधे एक आडवं लाकूड. "पोऱ्या एवढासा होता तवाच आश्रमशाळेत ठेवला. त्याचा बाप खाडीवर रेती काढाय गेला तो आलाच नाय. मंग घरात माझ्याबिगर श्वास घेणारा कोण होता? हिची आय होती. रातभर रवंथ करायची. त्यावर माना झोप लागायची. आता त्याबिगर लागत नाय."

"मग साहेबांना सांगायचं ना."

"त्याने भिंतीला इचारला. माना कुठं इचारला?" ती हसली. मग हळू आवाजात म्हणाली, "सांगितला असता, त त्याला वाटला असता आय एकटीच होती. कशाला उगा?"

मी काही पोटात ठेवणारी बाई नाही. साहेब ऑफिसातून आले तसं सगळं सांगून टाकलं. ते पायरीवर बसले, चष्मा काढून पुसत राहिले. म्हणाले, "आश्रमशाळेत मी फार रडायचो, बाई. मला वाटायचं, आई तर घरी आहे. तिला काय होतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी घणाचे आवाज सुरू झाले. हॉलची मागची भिंत, सगळ्यांत गार, जिच्यावर त्यांचा सगळ्यांत जास्त जीव, ती त्यांनी स्वतःच्या हाताने फोडली. पलीकडे गोठा होता. मधे सागाचं आडवं लाकूड बसवलं. मोरीने मान आत घालून फरशी हुंगली. ऑफिसात महिनाभर चेष्टा चालली, की साहेबांच्या हॉलमध्ये सोफा नाही, गाय आहे. साहेब म्हणाले, "हो, आहे."

त्या संध्याकाळी वाकळ बाहेर गेली नाही. चंद्रीबाईने ती लाकडापाशी अंथरली आणि पोराला म्हणाली, "बेस झाला आपला घर."

पुढचा पावसाळा ती तिथे झोपली. होळीच्या आधी गेली.

मग माझी जव्हारला बदली झाली. इथेही खोली स्लॅबचीच. मागे एकदा साहेब कामासाठी जव्हारला आले, तसे माझ्याकडे डोकावले. चपला काढल्या, भिंतीला गाल लावला. मी सवयीने तांब्या धरून उभी राहिले.

"तापलीय ना?" मी म्हटलं.

"तापू दे. पलीकडे कोण राहतं?"

"कुणी नाही. रिकामी आहे ती खोली."

ते गाल न काढताच म्हणाले, "मग रात्री तुम्हाला ऐकू काय येतं, बाई?"

एकटी राहते म्हणून जेवणाखाणाची, दुखण्याखुपण्याची चौकशी पुष्कळांनी केली होती. हे कुणी विचारलं नव्हतं. मी तांब्या पुढे केला. पाणी पिऊन त्यांनी तांब्या खाली ठेवला, चपला घातल्या आणि दारातून म्हणाले, "सुट्टीत या. पुढची खोली मी कुणाला दिलेली नाही. मोरी तिथवर ऐकू येते. मी गाल लावून बघितलंय."