सोपानकाका जुळारी

मेहकरच्या बाजारात सोपानकाका वांगे घ्यायले गेले की मी मुद्दाम मागं मागं जायचो. कारण काका आधी वांग्यायचे ढीग सरकवत. एक इकडं, एक तिकडं. भाजीवाली ओरडे, "घेऊन राह्यले का रचून राह्यले?"

"दोन ढिगांत जागा सोड माय. श्वास घेऊ दे त्यायले."

काकाचा बसस्टँडामागं छापखाना होता अन् मागच्या दोन खोल्यांत घर. शिशाचे खिळे, म्हणजे छापाचे सुटे अक्षरं, एकेक उचलून ओळी जुळवायचं काम ते सोताच करत. महाराष्ट्र नुकताच झाला होता अन् मी नुकताच मॅट्रिक झालो होतो. पुढं काय करायचं ते दोघायलेही नीट ठाऊक नव्हतं. म्हणून मी काकाकडं खिळे जुळवणं शिकाले लागलो.

"अक्षर कोनीबी पाह्यते. तू मधली कोरी जागा पाह्य बे पंज्या," काका एक डोळा मिटून मले सांगत. तो मिटलेला डोळा, तो नाकातला आवाज मले झकास जमे. गावात मी नकला कराचो. तहसीलदारापेक्षा काकाची नक्कल जास्त चाले.

अमडापूरले एका लग्नात पंगत बसली, अन् काका टोकाशी एक डोळा मिटून उभे. नवरदेवाच्या मामाले म्हणे, "दोन बोटं मागं सरका, ओळ बिघडून राह्यली." मामा बिचारा हातातला घास धरून सरकला.

एकदा एक बागाईतदार पोरीची पत्रिका छापाले आले. चुलते, मामे, आत्या, सगळ्यायचे नावं मोठ्या अक्षरात पाह्यजेत म्हणे.

"घरात एकच जण जोरात बोलते, बाकीचे हळू," काका म्हणाले. "पत्रिकेतबी तसंच असते."

"आमच्या घरी सगळेच जोरात बोलतात!"

"मग छापता काऊन? वट्ट्यावर उभं राहून ओरडा न!"

छपाई झाली की ओळी मोडून खिळे आपापल्या खणात टाकाचे, नाईतर पुढच्या कामाले अक्षरं पुरत नाईत. काका याबाबतीत लय कडक. पण कपाटाच्या खालच्या फळीवर सुतळीनं बांधलेला एक जुळवलेला मजकूर न मोडता तसाच पडून होता. "त्याले हात लावू नको," एवढंच म्हणत. मी विचारलं, तर ऐकू न आल्यासारखं करत.

गणपतीत माह्या नकलायचा कार्यक्रम ठरला. काका कागद आणाले चिखलीले गेलते. माह्या पत्रकाले मोठे अक्षरं कमी पडले, म्हणून मी ती सुतळी सोडली. पाह्यतो तर इंदूताईच्या लग्नाची पत्रिका! इंदूताई म्हणजे काकाची एकुलती एक पोरगी, जळगाव जामोदले देलेली. लग्नाले चार वर्षं झाले होते. अन् ओळी कशा? एक दाटीवाटीनं कोंबलेली, दुसरी निम्मी रिकामी. मी काकाचा आवाज काढून म्हटलं, "कोन्या आंधळ्यानं जुळवली बे?" अन् हसत हसत सगळे खिळे खणात टाकून देले.

संध्याकाळी काकाले रिकामी सुतळी दिसली. मले वाटलं, आता मार बसते. काका स्टुलावर बसले.

"इंदीनं जुळवली होती ते," म्हणे. "लहानपणापासून माह्याजवळ बसून शिकली. म्हणे, माह्या लग्नाची पत्रिका मीच करीन. मी पाह्यली अन् म्हटलं, ही छापली तर लोक हसतीन. दुसरी केली. तवापासून ते घरी येते, पण छापखान्यात पाय ठेवत नाई. या दिवाळीले तिची तिले छापून देईन म्हटलं होतं."

"काका, मी पुन्हा जुळवून देतो. मजकूर आठवते मले."

"तू बरोबर जुळवशीन बे," काका म्हणाले.

मग ते रोज दुपारी सोताच बसाले लागले. कोन्ती ओळ दाट होती, कुठं जागा सुटली होती, सगळं त्यायले पाठ. पण खिळे लावता लावता अंगठा आपोआप सगळं सारखं करून टाके. "हात ऐकत नाई पंज्या," म्हणत, अन् मोडून पुन्हा सुरू. मी म्हटलं, "ताईलेच बसवा न इथं." काका म्हणाले, "कोन्त्या तोंडानं सांगू?"

दिवाळीले इंदूताई आली. छापखान्याच्या दाराबाहेर उभी राहून म्हणाली, "बाबा, च्या झाला."

काकाच्या हातात अर्धी जुळवलेली ओळ होती. त्यायनं तोंड उघडलं. मले वाटलं, आता म्हणतात, ये. मीबी सांगू शकत होतो तिले, की चूक माही आहे, की बाबा काय करून राह्यले ते ये अन् पाह्य. मी खाली मान घालून खिळे पुसत राह्यलो.

"येतो," काका म्हणाले.

ताई गेली. काकानं हातातली ओळ माह्यापुढं ठेवली अन् च्या प्याले गेले. मी पाह्यली. एकदम सरळ होती.