जर्मन खुन्याबद्दल एकवीस मतं

वेगवेगळी अक्षरं काढणं हा पेंटरच्या डाव्या हातचा मळ होता. चाळीस वर्षं त्यानं दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. दवाखान्याचं अक्षर वेगळं, बेकरीचं गोल, शाळेचं ताठ, लॉण्ड्रीचं जरा तिरपं. मग छापील फ्लेक्स आले, पाट्या गेल्या आणि पेंटरकडे नुसते ब्रश उरले. तरी ऐट काही गेली नव्हती. "एका माणसाला एकवीस जणांचं अक्षर काढता येतं की नाही, ते मला विचारा," असं तो त्या रविवारी सकाळी आरशाला म्हणाला. आरशालाच म्हणाला, कारण घरात ऐकणारं दुसरं कुणी नव्हतं.

एकवीस जणांची गरज का पडली, ते सांगायला हवं. वाचनालयाच्या मागच्या खोलीत ग्रंथपालबाई दर शनिवारी दुपारी जुने परदेशी चित्रपट दाखवायच्या. बायको गेल्यापासून तीन वर्षं पेंटरनं एक शनिवार चुकवला नव्हता. चित्रपट संपला की चहा मिळायचा, आणि चहाबरोबर पंधरा मिनिटं बोलायला माणसं मिळायची. आठवड्यातलं त्याचं बोलणं काय ते तेवढंच. मुलगी परदेशातून फोन करायची, पण ती "जेवलात का, बाबा?" विचारायची आणि उत्तर यायच्या आत "बरं, ठेवते" म्हणायची.

तर वाचनालयाच्या कार्यवाहांनी फर्मान काढलं होतं. "खोली अडवून चार टाळकी बसतात. येत्या शनिवारच्या खेळाला पंचवीस अभिप्राय आले नाहीत, तर खोली टायपिंगच्या क्लासला देणार." अभिप्रायाच्या चिठ्ठीवर नावाचा रकाना नव्हता, फक्त व्यवसायाचा होता. नाव नसलं की लोक मोकळेपणानं लिहितात, असा कार्यवाहांचा सिद्धांत होता.

त्या शनिवारी लागला एक जुना, काळा-पांढरा जर्मन खूनपट. धुकं, ओले रस्ते, लांब कोटातला इन्स्पेक्टर, आणि एका म्हाताऱ्या घरमालकिणीकडे राहायला आलेला पडेल चेहऱ्याचा भाडेकरू. प्रेक्षक आले पाच, त्यात पेंटर एक. अभिप्रायाच्या पेटीत चिठ्ठ्या पडल्या चार. निवृत्त नर्सबाईंनी, ज्यांना सगळे सिस्टर म्हणत, लिहिलं, "भाडेकरूला ताप होता. कुणी हात लावून बघितलंसुद्धा नाही." दाताच्या डॉक्टरांच्या कंपाउंडरनं लिहिलं, "झोप छान लागली." एका नवऱ्यानं लिहिलं, "पंखा आवाज करतो." त्याच्या बायकोनं लिहिलं, "अजिबात करत नाही."

पंचविसातून चार गेले, राहिले एकवीस. पेंटरनं कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा खिशात घातला आणि पेटी उघडायच्या आत, म्हणजे सोमवारी सकाळी, भरून टाकायचं ठरवलं.

रविवारी तो टेबलाशी बसला. सवयीनं प्रत्येक चिठ्ठीवर पेन्सिलीनं फिकट रेघा मारून घेतल्या, आणि लागला लिहायला. आधी आला शिंपी. "इन्स्पेक्टरच्या कोटाचा उजवा खांदा उतरला आहे. ज्याला कोट अंगावर नीट बसवता येत नाही, त्याला खुनी काय सापडणार?" मग आली एक गृहिणी. "भाडेकरू रात्री-अपरात्री घरी येतो, तासभर हात धुतो, आणि ही घरमालकीण विचारते, साबण पुरतो का? असला भाडेकरू मी दुसऱ्या दिवशी हाकलला असता." एक शिक्षक आला आणि भाडेकरूच्या बालपणाबद्दल दोन्ही बाजू भरून बोलला. भाडेकरू खुनी आहे, याबद्दल कुणालाच शंका नव्हती. तोंडावरूनच कळत होतं.

दहाव्या चिठ्ठीला पेंटरला वाटलं, सगळेच एका सुरात बोलले तर बरं दिसणार नाही. कुणीतरी आडवं बोलायला हवं. म्हणून त्यानं ताठ, जुन्या वळणाच्या अक्षरात एक निवृत्त न्यायाधीश काढला. "पुरावा तोकडा आहे. मी असतो तर भाडेकरूला निर्दोष सोडलं असतं."

मग काय विचारता. शिंपी चिडला. त्यानं आणखी एक चिठ्ठी मागून घेतली आणि "न्यायाधीशसाहेबांशी मी साफ असहमत आहे" असं लिहून मोकळा झाला. गृहिणीनं शिंप्याची बाजू घेतली. पेंटर एकटाच बसून तिघांच्या आवाजात भांडत होता, मध्येच हसत होता. दुपारी तो चहा करायला उठला आणि बघतो तर आपण चार कप पाणी ठेवलंय. त्याला बरं वाटलं, आणि मग लगेच फार वाईट वाटलं. तीन वर्षांत त्या घरात एवढी वर्दळ झाली नव्हती. संध्याकाळी एकविसावी चिठ्ठी संपली तेव्हा घर पुन्हा रिकामं झालं, आणि त्याला टेबलावरून उठवेना.

सोमवारी पेटी उघडली. कार्यवाह चिठ्ठ्या वाचता वाचता खुर्चीतून अर्धे उठले. "अहो पेंटर, काय हे! आपल्याकडे असले दर्दी प्रेक्षक येतात आणि मला पत्ता नाही?" त्यांनी स्वतः तो चित्रपट पाहिला नव्हता, पण पंचवीस मतं वाचल्यावर पाहायची गरज उरली नाही, असं ते म्हणाले. चिठ्ठ्या दर्शनी फलकावर लागल्या. लोक उभे राहून वाचू लागले. चित्रपट कुणीच पाहिलेला नव्हता, तरी दोन दिवसांत प्रत्येकाचं मत तयार झालं. भाजीच्या दुकानासमोर दोघं जण त्या भाडेकरूवरून हमरीतुमरीवर आले.

खोली वाचली. पेंटर खूश झाला. आणि तिथंच त्याच्या सुखाला दृष्ट लागली.

"आता जाहीर चर्चा ठेवू," कार्यवाह म्हणाले. "न्यायाधीश एका बाजूला, शिंपी दुसऱ्या बाजूला. तुम्ही तिथंच असता ना, ओळखत असालच त्यांना?"

"तोंडओळख आहे," पेंटर म्हणाला. इथं नाही म्हणाला असता तर पुढचं रामायण टळलं असतं. पण आपल्याला माणसं ओळखतात, असं म्हणायचा मोह त्याला आवरला नाही.

"मग निरोप द्या."

दुसऱ्या दिवशी पेंटरनं कळवलं की शिंपी लग्नाला परगावी गेलाय. गृहिणीच्या घरी पाहुणे आहेत. शिक्षकाची बदली झाली.

"आणि न्यायाधीश?"

"त्यांना बरं नाही."

"काय होतंय?"

"ताप आहे," पेंटर म्हणाला. सिस्टर तिथंच पुस्तक बदलायला आल्या होत्या. त्या लगेच म्हणाल्या, "किती? उतरतोय की नाही? चला, मी येते बघायला." कार्यवाह म्हणाले, "आपण सगळेच जाऊ. फळं घेऊन जाऊ. पत्ता सांगा, पेंटर."

दोन पावलं मागं सरकत पेंटर म्हणाला, "आता जाऊन उपयोग नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे... गेले ते. पहाटेच."

सिस्टरनी पदर डोळ्याला लावला. कार्यवाहांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "शनिवारी शोकसभा घेऊ. बोर्ड तुम्हीच रंगवा. तुमच्याइतकं जवळचं कोण होतं त्यांना?"

पेंटरनं बोर्ड रंगवला. तीन वर्षांत हातात आलेलं पहिलं काम, तेही स्वतः मारलेल्या माणसाचं. नाव काय लिहायचं, हे कुणी विचारलं नाही. विचारलं तर आपल्याला ते ठाऊक नाही असं दिसलं असतं, म्हणून प्रत्येक जण "साहेब" म्हणत होता. पेंटरनं टपोऱ्या अक्षरात लिहिलं, "साहेबांना आदरांजली."

शनिवारी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. टायपिंगच्या क्लासमधून खुर्च्या मागवाव्या लागल्या. एक वकील उठले आणि म्हणाले, "साहेबांसमोर मी पंधरा वर्षं काम केलं. मला भर कोर्टात झापायचे, पण मनात काही नसायचं." एक निवृत्त बँक मॅनेजर उठले आणि म्हणाले, "आम्ही रोज सकाळी बरोबर फिरायला जायचो. अलीकडे दम लागायचा त्यांना." पेंटर आ वासून ऐकत होता. आपण काढलेला माणूस आपल्या पाठीमागं रोज फिरायला जात होता!

मग दोन मिनिटं स्तब्धता झाली. साठ माणसं मान खाली घालून उभी होती. पेंटरच्या मनात आलं, आपण गेल्यावर इथं किती जण उभे राहतील? त्यानं मोजायचा प्रयत्न केला. चौघांच्या पुढं गाडी जाईना, आणि त्या चौघांतला कंपाउंडर बसल्या जागी झोपणार, हे नक्की. त्याच्या डोळ्यांतून खरंखुरं पाणी आलं. सिस्टर पाठीवर हात ठेवून हळूच म्हणाल्या, "फार घरोबा होता का?"

"एकदाच आले होते," पेंटर म्हणाला. "पण दिवसभर होते."

शेवटी कार्यवाहांनी जाहीर केलं की साहेबांच्या स्मरणार्थ शनिवारचे चित्रपट कायम चालू राहतील. टाळ्या वाजल्या. लोक पांगले. खुर्च्या आवरायला मागं राहिल्या ग्रंथपालबाई आणि पेंटर.

बाईंनी फलकावरच्या चिठ्ठ्या काढून आणल्या होत्या. एक चिठ्ठी त्यांनी खिडकीच्या उजेडात धरली. "पेंटरकाका, इकडे या जरा. शिंपी, गृहिणी, शिक्षक, न्यायाधीश. अक्षर एकाचं दुसऱ्याशी जुळत नाही. पण सगळ्यांनी लिहायच्या आधी पेन्सिलीनं रेघा मारल्यात. वर एक, खाली एक. आणि मजकूर कसा अगदी मधोमध बसवलाय. आमच्या वाचनालयाची पाटीसुद्धा अशीच आहे."

पेंटर मटकन खुर्चीत बसला. "कार्यवाहांना सांगणार?"

"मी कशाला सांगू? पण एक विचारू? एवढ्या जणांची मतं लिहिलीत, मग त्यात तुमची चिठ्ठी कुठंय?"

पेंटरनं ती चिठ्ठी त्यांच्या हातातून घेतली आणि तिची घडी घातली. मग म्हणाला, "मी चित्रपट पाहिलाच नाही, बाई. पहिली दहा मिनिटं पाहिली असतील. मग दाराकडे बघत बसलो. वाटलं, उशिरानं का होईना, कुणी येईल."

बाईंनी एक खुर्ची ओढली आणि त्याच्या शेजारी बसल्या. "तरीच," त्या म्हणाल्या. "अहो काका, त्या बिचाऱ्या भाडेकरूनं काही केलेलं नाही. तो तापानं फणफणलेला होता. खून घरमालकीण करते. शेवटच्या पाच मिनिटांत कळतं."

"घरमालकीण?"

"हो. अख्ख्या गावाचं मत चुकलं, आणि शेवटपर्यंत कुणी चित्रपट पाहिलेला नाही म्हणून कुणाला कळणारही नाही. पुढच्या शनिवारी मी तोच परत लावते. माझ्या शेजारी बसा, आणि तोंड पडद्याकडे ठेवा."

पेंटर हो म्हणाला आणि घरी निघाला. चालताना त्याच्या लक्षात आलं, की आपल्या एकवीस मतांत बरोबर मत एकट्या न्यायाधीशसाहेबांचं होतं, आणि नेमकं त्यांनाच आपण मारलं. दाराशी आल्यावर किल्ली हातात घेऊन तो तसाच उभा राहिला. भाडेकरूला सोडून द्यायला हवं होतं, हे आता आत जाऊन त्या शिंप्याला कोणत्या तोंडानं सांगायचं?