मसाल्याच्या मशीनची हळद

मसाल्याचा कारखाना चालवणाऱ्या हेतलबेनच्या पत्राला कमळाकरकाकांनी उत्तर दिलंच नव्हतं. त्यात एकच प्रश्न होता. आमच्या मशीनमधल्या जुन्या चिपचं काम बदलायचं तर आतली सगळी जोडणी नव्याने मांडावी लागते, आठवडा जातो. तुमच्या या आठ मेंदूंच्या चिपला किती वेळ लागेल?

काकांनी कितीदा तरी लिहायला घेतलं. दर वेळी शेवटी 'बहुधा' यायचं. 'बहुधा'च्या भरवशावर मसाल्याच्या कारखान्यातली मशीनं कोण बदलेल? कागद टेबलावरच राहिला. शेवटी बाईंनी फोन केला, "शनिवारी येऊन बघते." ही ऑर्डर गेली तर पावणे गावातल्या त्यांच्या वर्कशॉपच्या गाळ्याला टाळंच लागणार होतं.

शुक्रवारी भागीदार रूपेश आला. गाळा त्याचा, डोकं काकांचं.

"काका, आज बहिनीची हलद हाय. लायटिंगवाला पलाला. तुमची चिप बेंजोच्या ठेक्यावर लायटी नाचवंल का?"

"नाचवेल तशी. पण उद्या हेतलबेन..."

"सकाली बोर्ड जागेवर. टेन्शन नको."

काकांना नाही म्हणता येत नसे. त्यांनी पुड्या भरायच्या नमुना मशीनमधून चिपचा बोर्ड काढला आणि चिपमध्ये ठेका भरून दिला. रूपेशच्या बहिणीच्या, निशिगंधाच्या हळदीत दिवे असे नाचले की गावातल्या म्हाताऱ्यांनी काकांचे गाल पिवळे केले.

रूपेशने शब्दाप्रमाणे सकाळी बोर्ड मशीनला लावला. चिपला तिचं जुनं कामही परत शिकवावं लागतं, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. काका गाल घासत होते.

हेतलबेनसमोर बटण दाबलं. मशीनने एक पुडी भरली, जरा थबकलं आणि ठेका धरला. दोन आखूड पुड्या, एक लांब. दोन आखूड, एक लांब. मिरचीपूड छताला लागली. सगळे शिंकू लागले, तेही ठेक्यात.

"कमळाकरभाई, हे काय आहे?"

"हळद," काका पुटपुटले.

"मला तर मिरची वाटतेय. आता आठवडा गेला ना?"

काकांनी लॅपटॉप जोडून चिपला जुनं काम परत शिकवायला घेतलं. रूपेश तोंड लपवायला चहा सांगून आला. कटिंग येईपर्यंत मशीन शहाण्यासारखं सारख्या पुड्या भरू लागलं होतं.

"बस, एवढाच वेळ?" हेतलबेननी डोळे पुसले. "मग हेच लिहून पाठवा. लेखी आलं की ऑर्डर."

काकांनी लगेच लिहिलं: 'काम बदलण्यास लागणारा वेळ: चहा येईपर्यंत.' रबाळ्याच्या टपालपेटीपाशी त्यांनी लिफाफा पुन्हा उघडला, शेवटी 'बहुधा' जोडलं आणि पत्र आत सोडलं. चिपची त्यांना खात्री होती. चहावाल्याची नव्हती.