मटणाच्या रांगेतले शिवाप्पा

एका रविवारी मटणाच्या रांगेत माझ्या पुढं एक माणूस टॉवेलानं तोंड झाकून उभा होता. कपाळावरचे भस्माचे पट्टे मात्र झाकायचे राहिले होते. बघतो तर आमचे शेजारी शिवाप्पा! जन्मात अंडं फोडलं नाही या माणसानं. मला बघून हळूच म्हणाले, "मास्तर, गल्लीत बोलू नगा. बोकडाचं दिल न्यायला आलोय."

शिवाप्पांचं शिरोलीत बारीक कामाचं लेथ होतं. हृदयाचे ठोके बेताल झाले, की मांडीच्या शिरेतून हृदयापर्यंत लांब तार नेतात आणि बिघडलेली जागा तेवढी भाजतात. पुण्याच्या एका डॉक्टरांना त्या तारेसाठी नवं टोक हवं होतं, बारीक भोकांतून पाणी सोडत गार राहणारं. बाकीच्या लेथवाल्यांनी हात जोडले, शिवाप्पांनी घेतलं. मग टोक तपासायला चार वर्षं रोज बोकडाची दिलं भाजणं आणि एकच पालुपद, "धग बसाय पायजे, कोळसा न्हाय." भाकरीला तेच, चहाला तेच, एकदा तर सासूबाईंच्या रागालाही तेच लावलं. सासूबाई त्याच दिवशी निपाणीला गेल्या.

पुढं फ्रीजमध्ये दह्याच्या मागं दिलांचा डबा सापडला आणि त्यांच्या बायकोनं, आक्कांनी, फ्रीजच उचलून आमच्याकडं पाठवला, डब्यासकट. शिवाप्पा बाटला, असं गल्लीनं ठरवून टाकलं. पाहुणे त्यांच्याकडं पाणी पिईनात. हा बाबा आपला टोक घासतोय!

शेवटी पुण्यात जिवंत मेंढीवर चाचणी ठरली. शिवाप्पा नवा सदरा घालून गेले. मेंढीला भूल दिली, तार आत गेली, टोक बिनचूक चाललं. डॉक्टरांनी त्यांचा हात तिच्या छातीवर ठेवला, ठोका एका लयीत होता. त्यानंतर त्यांना कळलं, की डाग किती खोल गेला ते कापल्याशिवाय दिसत नाही. आठवड्यानं मेंढी मारायची.

शिवाप्पा तिथंच मुक्कामाला राहिले. हातानं लसूणघास चारायचे आणि रोज डॉक्टरांना गळ घालायचे, की मेंढी द्या, गगनबावड्याला पाहुण्यांच्या रानात सोडतो. डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, न बघता हेच टोक माणसाच्या हृदयात घालू का? शिवाप्पा परत मेंढीपाशी जाऊन बसले.

टोक पास झालं. मी पेढे घेऊन गेलो, तर शिवाप्पा पायरीवर बसलेले, पेढ्याला हात लावेनात. मला राग आला. म्हटलं, चार वर्षं बोकडाची दिलं भाजलीत तेव्हा काही वाटलं नाही, आणि आता एका मेंढीचं एवढं काय?

"ती गार असायची वो," ते म्हणाले. डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. "शेवटच्या दिवशी सुई बघून ही लई बुजलीवती, मास्तर. कुणाला आवरंना. मग मी म्होरं झालो. वळखीचा माणूस हाय म्हणून गप झाली, आन् मान टाकली की माझ्या मांडीवर."