थरथर नेमकी कुणाची

गाडी थरथरते की बाबा, हा प्रश्न रागन्हिलने अजून तोंडाने विचारला नव्हता, इतकंच. पण टोरलाइफ कॉफीचा कप उचलायला लागले की तिची नजर कपातल्या कॉफीवर खिळायची. तिची नजर खिळली की टोरलाइफ अवघडायचे, आणि अवघडले की कॉफी खरोखरच हिंदकळायची.

"बघा," रागन्हिल म्हणायची.

"तू बघतेस म्हणून होतं ते. कपाकडे अशी बघत राहिलीस तर कपच थरथरायला लागेल."

मार्चमध्ये टोरलाइफना ऐंशी वर्षं पूर्ण होणार होती. ऐंशीनंतर गाडी चालवायची तर डॉक्टरांचा दाखला लागतो. दाखला नाही म्हणजे गाडी नाही, आणि गाडी नाही म्हणजे खोऱ्याच्या टोकाला असलेल्या या घरात राहता येणार नाही. कारण बस येते ती खाली चर्चपर्यंत, तीही तिच्या मर्जीने. मग उरतो तो तिन्सेत शहरातला रागन्हिलचा फ्लॅट. तिथे टोरलाइफसाठी एक खोली कधीची तयार होती. त्या खोलीतून पार्किंग दिसायचं.

म्हणून ती थरथर गाडीचीच असणं फार गरजेचं होतं.

गाडी टोरलाइफच्या मते अजून तरुण होती. लाल, जुनी, लांबलचक. तिच्यातून त्यांनी लाकडं, मेंढ्या आणि एकदा एक पियानो नेला होता. या हिवाळ्यात मात्र तिने नवंच खूळ काढलं होतं. काही दिवस लोण्यासारखी चालायची. मग एखाद्या सकाळी खालच्या मोठ्या रस्त्याला लागून वेग घेतला, की स्टिअरिंग ताप भरल्यासारखं थडथडायचं.

टोरलाइफनी ती गाउतेच्या गॅरेजमध्ये नेली. गाउतेने ती रात्रभर आत ठेवली, सकाळी चालवून आणली आणि म्हणाला, "काका, काहीच नाही हो. मी चालवता चालवता कॉफी प्यायलो."

"आता नाही. पण होतं. तू काहीतरी कर."

गाउतेने चाकांचं बॅलन्सिंग केलं. थरथर गेली. टोरलाइफ खूश झाले. पुढच्या आठवड्यात ती परत आली. मग गाउतेने स्टिअरिंगच्या टाय रॉडचं टोक बदललं; थरथर गेली आणि परत आली. चाकाचा बॉल जॉइंट बदलला, गेली, आली. गाउते डोकं खाजवत म्हणाला, "असा आजार मी पाहिला नाही. कुठल्याही औषधाने बरा होतो आणि कुठल्याच औषधाने बरा राहत नाही."

हे ऐकल्यावर रागन्हिलने, जी शाळेत गणित शिकवायची, हिशेब मांडला. "बाबा, गाउते चालवतो तेव्हा काही नाही. तुम्ही चालवता तेव्हा थरथर. दोन्हीकडे गाडी तीच. मग बदललं काय?"

"गाउते," टोरलाइफ म्हणाले. "त्याला कळत नाही."

"बाबा!"

"बरं. मग तू ये आणि तूच चालव."

शनिवारी ती मुक्कामालाच आली. रात्री भरपूर बर्फ पडला. सकाळी कॉफी होईपर्यंत मात्र अंगण लख्ख मोकळं झालेलं होतं. हे काम शेजारच्या योरुनचं. गेल्या वर्षी टोरलाइफची पाठ धरली, तेव्हापासून ती बर्फ उडवायचं यंत्र घेऊन आधी त्यांचं अंगण साफ करायची, मग स्वतःचं. याबद्दल दोघंही एक अक्षर बोलले नव्हते. त्या खोऱ्यात उपकाराचा उल्लेख करणं म्हणजे समोरच्याला भर रस्त्यात उघडं पाडण्यासारखं. टोरलाइफ वेलची घातलेल्या वॉफलचा डबा तिच्या दाराच्या कडीला अडकवून यायचे, डबा मुरंबा भरून परत यायचा. आभार पूर्ण.

रागन्हिल स्टिअरिंगवर बसली. टोरलाइफ शेजारी, हात मांडीवर घट्ट. मोठा रस्ता आला. तिने वेग वाढवला. आणि स्टिअरिंग असं थडथडलं की तिच्या बांगड्या वाजायला लागल्या.

टोरलाइफनी थोडा वेळ खिडकीबाहेर बघितलं. मग फार मायेने विचारलं, "रागन्हिल, तुझं वय काय झालं गं?"

तिने गाडी बाजूला घेतली. गणित चुकलं की ती पुन्हा पहिल्या पायरीपासून मांडायची, तसंच आताही मांडलं. मग म्हणाली, "गाउतेचं गॅरेज गरम असतं का?"

"चड्डीवर काम करतो तो."

दोघंही उतरले. पुढच्या डाव्या चाकाच्या भोकांतून आत डोकावले. रिमच्या आत एका बाजूला, पावाच्या लादीएवढा, दगडासारखा घट्ट बर्फ बसला होता; त्याच्या वजनाने चाकाचा तोलच गेला होता. उजवं चाक कोरडं. गाउतेच्या गॅरेजच्या उबेत रात्रभरात तो मुकाट वितळून जायचा, आणि प्रत्येक वेळी श्रेय मात्र बॉल जॉइंटला मिळायचं.

"पण डाव्याच चाकात कसा?" रागन्हिल म्हणाली, आणि म्हणता म्हणताच थांबली. योरुन यंत्र फिरवायची ती डावीकडून. टोरलाइफच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर बर्फ उडू नये, म्हणून यंत्राचं तोंड काळजीने खाली वळवायची. थेट अंगणात उभ्या गाडीच्या त्या चाकावर.

"तिला सांगायला हवं."

"वेडी आहेस का?" टोरलाइफ दचकले. "सांगितलं तर ती माफी मागेल. मग मला आभार मानावे लागतील. दोघांनाही पुन्हा एकमेकांसमोर उभं राहता येणार नाही."

"मग गाडी दुसरीकडे लावा."

"आणि ती का हलवली, हे ती विचारणार नाही? मनातल्या मनात विचारेल. ते जास्त वाईट."

मार्चमध्ये डॉक्टरांनी टोरलाइफना हात पुढे करायला सांगितले. हात ओंडक्यासारखे स्थिर. दाखला मिळाला. तिन्सेतमधल्या खोलीत रागन्हिलने शिवणयंत्र ठेवलं.

त्यानंतर एका सकाळी तिला योरुनचा फोन आला. आवाज दबका. "अगं, सांगू की नको असं झालं होतं. तुझ्या बाबांचं ठीक आहे ना? बर्फ पडला की रोज सकाळी गाडीच्या डाव्या चाकापुढे गुडघे टेकून बसतात. हातात लाकडी लाटणं. काहीतरी पुटपुटतात, हळूच ठोकतात, इकडेतिकडे बघतात आणि उठतात."

रागन्हिलने डोळे मिटले. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. सुदैवाने तशी गरजही नव्हती.

"आभार मानतात ते, योरुनकाकू."

 पलीकडून योरुन हळूच म्हणाली, "अस्सं. या वयात माणूस असा हळवा होतो खरा."

पुन्हा बर्फ पडला तेव्हा टोरलाइफ लाटणं लपवत अंगणात आले. योरुनने आज यंत्र गाडीच्या अगदी कडेकडेने, चहूबाजूंनी फिरवलं होतं. डाव्या चाकापुढे चटईएवढी जागा खरवडून स्वच्छ केलेली होती, आणि तिच्यावर, म्हाताऱ्याचे गुडघे गारठू नयेत म्हणून, मेंढीचं कातडं अंथरलेलं होतं.

टोरलाइफनी ते कातडं हाताने चाचपून पाहिलं. मग गुडघे टेकून त्यांनी आत डोकावलं.

चारही चाकं भरली होती.